लिंक द्यावी की फाइल? (ग्रंथालय आणि कायदा : लेखांक ६)

गेल्या लेखांकात दिल्लीच्या झेरॉक्स खटल्याचा निकाल पाहिला. छापील पानांची चिंता त्या निकालाने बरीच हलकी केली. पण कॉलेजच्या ग्रंथालयात हल्ली पानं मागायला येणारे कमी आणि व्हिडिओ घेऊन येणारे जास्त. शिक्षक काउंटरवर पेन ड्राइव्ह ठेवतात आणि म्हणतात, "मॅडम, एवढं मूडलवर चढवून द्या ना, उद्याच्या तासाला लागणारे." पेन ड्राइव्ह उघडला की आत चाळीसेक मिनिटांचा माहितीपट निघतो. यूट्यूबवरून उतरवलेला. तो कसा उतरवला हे विचारावंही लागत नाही, कारण उतरवून देणाऱ्या साइटचं नाव फाइलच्या नावाला शेपटासारखं चिकटलेलं असतं.

अशा वेळी ग्रंथपालाने काय करायचं? मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी दोनच पद्धती दिसतात. एक म्हणजे "कॉपीराइटचं लफडं नको" म्हणून सरसकट नकार, दुसरी म्हणजे डोळे मिटून फाइल चढवणं. गंमत अशी, की नकार देणारं कॉलेज ज्या गोष्टीला घाबरतं ती बहुधा कायद्याला मान्य असते. आणि तेच कॉलेज स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण सिनेमातल्या गाण्यांसकट आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकतं, तेव्हा कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. आपली भीती चुकीच्या जागी बसली आहे. ती कुठे असायला हवी, ते या लेखांकात पाहू.

व्हिडिओ दाखवणं, उतरवून ठेवणं आणि वाटणं ही तीन वेगळी कामं आहेत. बोलताना आपण तिन्हींना 'वापरणं' म्हणून मोकळे होतो. कायदा तसं करत नाही.

दाखवण्यापासून सुरुवात करू, कारण इथे कायदा सगळ्यात उदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये 'याला उल्लंघन म्हणायचं नाही' अशा कृतींची मोठी यादी आहे. त्यातलं (१)(जे) हे उपकलम प्रत्येक ग्रंथपालाने काउंटरच्या काचेखाली ठेवावं असं आहे. शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण दाखवलं-ऐकवलं आणि समोर फक्त संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील, तर ते उल्लंघन नाही. व्हिडिओ म्हणजे कायद्याच्या दृष्टीने 'चित्रपट'च; तो थिएटरात लागलेला असो की कुणी मोबाइलवर घेतलेला.

या उपकलमात मिनिटांचा किंवा सेकंदांचा कुठेही उल्लेख नाही. "तीस सेकंदांपर्यंत चालतं", "दहा टक्के घेतलं तर हरकत नाही" ही वाक्यं स्टाफरूममध्ये इतक्या ठामपणे बोलली जातात, की ती कायद्याच्या पुस्तकातून आली आहेत असंच वाटावं. आपल्या कायद्यात असा नियम नाही. वर्गात अख्खा चित्रपट दाखवला तरी उपकलम त्याला आडकाठी करत नाही. उलट बघायला बाहेरचे लोक बसवले, तर दहा सेकंदांच्या तुकड्यालाही या उपकलमाचा आडोसा मिळत नाही. प्रश्न लांबीचा नसून समोर कोण बसलंय याचा आहे.

ऑनलाइन तासाचं काय? याच उपकलमात अशा प्रेक्षकांपर्यंत चित्रपट 'पोहोचवण्याचा' वेगळा उल्लेख आहे. त्यामुळे नोंदलेल्या विद्यार्थ्यांनाच लॉगइन करून बसता येतं अशा ऑनलाइन तासालाही तो लागू होतो, असा त्याचा सरळ अर्थ मी लावते. मीटिंगची लिंक गावभर फिरली आणि कुणीही येऊन बसू लागलं, तर मात्र हा अर्थ टिकणार नाही.

हे झालं कायद्याचं. यूट्यूबचा स्वतःचा करारनामा वेगळा आहे आणि तो आपण सगळेच न वाचता मान्य करतो. त्यात म्हटलंय, की ही सेवा वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी आहे; व्हिडिओंचं सार्वजनिक प्रदर्शन करू नये आणि कंपनीने स्वतः सोय दिलेली नसेल तर व्हिडिओ उतरवून घेऊ नये. नोंदलेल्या मुलांचा बंद वर्ग म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन, असं मला वाटत नाही. पण डाउनलोडबद्दलची अट स्वच्छ आहे. ॲपमधल्या बटणाने मोबाइलवर ठेवलेली प्रत कंपनीनेच देऊ केलेली असते. तिसऱ्याच साइटवरून फाइल ओढणं या अटीत बसत नाही. करार मोडणं आणि कॉपीराइटचं उल्लंघन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगून ठेवते. पहिल्यात खातं बंद होऊ शकतं. जाणूनबुजून केलेल्या दुसऱ्यासाठी कलम ६३ मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड लिहिलेला आहे.

आता पेन ड्राइव्हकडे, म्हणजे उतरवून ठेवण्याकडे वळू.

२०१२ पूर्वी शिक्षकाची बाजू इथे लंगडी होती. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रत काढण्याची मुभा (आज ती कलम ५२(१)(आय) मध्ये आहे) तेव्हाही होती, पण ती साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरती. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण तिच्या बाहेर. २०१२ च्या दुरुस्तीने तिथे 'कोणतीही कृती' असे शब्द आले आणि व्हिडिओही आत आला. त्याच दुरुस्तीने चित्रपट इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हा मालकाचा हक्क असल्याचंही स्पष्ट केलं. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने घेतलं, असं यावर कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. साठवणं हा मालकाचा हक्क खरा, पण शिकवण्यासाठी केलेली प्रत त्याला अपवाद, असं दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्यावर दिसतं.

आणि इथेच झेरॉक्सचा खटला कामाला येतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या झेरॉक्स दुकानावर २०१२ मध्ये लावलेला दावा १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी फेटाळला. खंडपीठाचा निकाल त्याच वर्षी ९ डिसेंबरला आला. त्यातल्या दोन गोष्टी व्हिडिओलाही लागू पडतात. पहिली : 'शिकवण्याचा ओघ' म्हणजे घंटा ते घंटा नव्हे, तासाची तयारी, नेमलेलं वाचन हे सगळं त्यात येतं. दुसरी : प्रत प्रत्यक्ष कोणाच्या हाताने निघाली याला महत्त्व नाही. शिक्षकाने सांगितलं आणि दुकानदाराने मशीन चालवलं तरी ती शिक्षकाचीच प्रत. मग शिक्षकाने मागितलेली प्रत ग्रंथालय सहायकाने तयार केली तर तिला वेगळा न्याय का लागावा?

पण त्याच खंडपीठाने एक प्रश्न पुन्हा सुनावणीसाठी खाली पाठवला होता : जेवढा मजकूर घेतला तेवढा शिकवण्याच्या गरजेला धरून होता का, आणि अख्खी पुस्तकं कॉपी करणं चालेल का? त्याची सुनावणी झालीच नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या अर्जावर हस्तक्षेप करायला नकार दिला. 'अख्खं' घ्यावं का, हा प्रश्न लटकलेलाच राहिला. पुस्तकातलं एक प्रकरण सहज वेगळं काढता येतं. व्हिडिओ मात्र बहुतेक वेळा अख्खाच उतरवला जातो. म्हणून माझ्या काउंटरवरचा नियम असा : चाळीस मिनिटांच्या माहितीपटातली सहा मिनिटंच तासाला लागणार असतील, तर सहाच मिनिटं ठेवायची, फक्त त्या वर्गाला दिसतील अशी ठेवायची आणि सत्र संपलं की काढून टाकायची. मूडलवर अशी सोय आहे. ती कुणी वापरत नाही, एवढंच.

एक भिंत मात्र ओलांडायची नाही. ओटीटीवरचे चित्रपट कुलूप लावून ठेवलेले असतात. उल्लंघनाच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडणं हा कलम ६५ए खाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तिथे सवलत दिलेली आहे, पण ती सिद्ध करत बसण्याची हौस कुठल्या प्राचार्यांना असेल? कुणाचं तरी घरगुती सबस्क्रिप्शन ग्रंथालयाच्या संगणकावर कायमचं चालू ठेवणं हेही टाळावं. नेटफ्लिक्सने मात्र आपल्या काही माहितीपटांना शैक्षणिक संस्थेत एकदा दाखवण्याची परवानगी देऊन ठेवली आहे. ती त्या त्या माहितीपटाच्या माहितीत लिहिलेली असते. शिक्षकांना ती शोधून देणं हे खास ग्रंथालयाचं काम.

ग्रंथालयाला स्वतःचा असा काही हक्क आहे का? आहे, पण तोकडा. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती काढता येतात. ही तरतूद पुस्तकांपुरती आहे. दुसरी तरतूद जतनाची : ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची 'अडिजिटल' प्रत असेल, तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. आता आपलं कपाट उघडून बघा. १९९० च्या दशकातली व्हीएचएस कॅसेट या शब्दात बसते. तिच्या शेजारची, बुरशी चढलेली डीव्हीडी बसत नाही, कारण ती मुळातच डिजिटल! कायदा लिहिणाऱ्यांना डीव्हीडी अमर वाटली असावी. दोन्ही तरतुदी 'बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालया'साठी आहेत; कॉलेजचं ग्रंथालय त्यात धरायचं का, हाही वादाचाच मुद्दा.

अपंग विद्यार्थ्यांसाठी मात्र दार सताड उघडं आहे. ऐकू न येणाऱ्या मुलीसाठी व्याख्यानाच्या व्हिडिओवर मराठी उपशीर्षकं चढवायची असतील, तर कलम ५२(१)(झेडबी) खाली ते नफ्याशिवाय करता येतं. ही सोय असूनही अशी मागणी घेऊन ग्रंथालयात फारसं कुणी येत नाही, कारण ती करता येते हे कुणी सांगितलेलंच नसतं.

तिसरं काम वाटण्याचं, आणि भीती बाळगायची ती इथे. वर्गात दाखवलेला गाण्याचा तुकडा आपल्या व्याख्यानाच्या चित्रीकरणात आला, ते चित्रीकरण कॉलेजच्या चॅनेलवर गेलं, की समोरचा प्रेक्षक 'विद्यार्थी आणि पालक' राहत नाही. जग झालं. (जे) उपकलम तिथे संपतं. टीका किंवा समीक्षेसाठी उचित वापराची तरतूद उरते, पण तिच्यात बसायला त्या तुकड्यावर खरोखर भाष्य करावं लागतं. पार्श्वसंगीत म्हणून वाजवलेल्या गाण्याला ती वाचवत नाही. शिवाय पहिला निवाडा न्यायालय करतच नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा २००७ पासून आवाज आणि चित्र जुळवून बघते. तिला कलम ५२ ठाऊक नाही. ती व्हिडिओ अडवते किंवा त्यावरच्या जाहिरातीचे पैसे मालकाकडे वळवते. मालकाने रीतसर तक्रार केली तर चॅनेलला 'स्ट्राइक' बसते. नव्वद दिवसांत अशा तीन झाल्या की चॅनेल बंद होऊ शकतं, त्याच्यावरच्या सगळ्या व्याख्यानांसकट.

जुना मराठी चित्रपट असेल तर "तो आता कुणाचाच नाही" असं ऐकू येतं. 'श्यामची आई' घ्या, कारण दर वर्षी कुणीतरी त्याच्याबद्दल विचारतंच. चित्रपट १९५३ चा. चित्रपटाचं संरक्षण प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षं, म्हणजे ते २०१३ च्या अखेरीस संपलं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकाची साठ वर्षं २०१० मध्ये भरली. इथवर सगळं मोकळं. पण चित्रपटाचा हक्क संपला म्हणून त्यात गुंफलेल्या इतर कृतींचे हक्क आपोआप संपत नाहीत. पटकथा लिहिणारे आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाची मुदत २०२९ पर्यंत. संगीतकार वसंत देसाई १९७५ मध्ये गेले. संगीताची मुदत २०३५ पर्यंत चालू शकते. हे हक्क त्या काळच्या करारांनी कुणाकडे गेले हा पुढचा गुंता. तो किती खरा आहे ते सत्यजित राय यांच्या 'नायक'च्या वादात दिसलं. निर्मात्याच्या वारसांनी पटकथेवर मालकी सांगितली आणि २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती राय यांचीच होती असं ठरवलं. मराठीच्या वर्गात 'श्यामची आई' दाखवायला यातलं काहीच आड येत नाही. चॅनेलवर टाकायचा म्हटलं की सगळंच येतं.

समोर कोण बसलंय, हाच मुद्दा गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला उलटा लागतो. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो वाचनालयं आहेत. उन्हाळी सुट्टीत मुलांना जमवून प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवण्याची त्यांना मनापासून हौस असते. पण वाचनालय ही शिक्षणसंस्था नव्हे आणि समोरची मुलं तिचे विद्यार्थी नव्हेत. हौशी मंडळाने फुकट नाटक केलं तर कायद्यात त्याला जागा आहे, सिनेमाला नाही. शाळेत जे बिनघोर चालतं त्यासाठी शेजारच्या वाचनालयाला परवानगी घ्यावी लागते. मला हे अन्यायाचं वाटतं. पुस्तकं वाचायला देणारी संस्था शिकवत नाही, असं कायद्याने का धरावं?

कॉलेजने विकत घेतलेली डीव्हीडी सर्व्हरवर चढवून विद्यार्थ्यांना घरून बघू द्यावी का, या प्रश्नावर अमेरिकेत एकदा जोरदार जुंपली. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या विद्यापीठाने बीबीसीच्या शेक्सपिअर नाटकांच्या डीव्हीडी अशाच चढवल्या होत्या. वितरकांच्या संघटनेच्या तक्रारीनंतर २०१० च्या जानेवारीत सेवा थांबवली, मार्चमध्ये पुन्हा सुरू केली आणि वर्षअखेरीस दावा दाखल झाला. २०१२ मध्ये तो निकालात निघाला, विद्यापीठाच्या बाजूने. पण कारणं बघा : हे सरकारी विद्यापीठ असल्याने त्याला दाव्यापासून असलेलं संरक्षण, संघटनेला दावा लावण्याचा अधिकार नसणं, आणि खरेदीच्या करारातच प्रदर्शनाची परवानगी असणं. मूळ प्रश्नाला ठाम उत्तर मिळालंच नाही. यातलं शेवटचं कारण मात्र आपल्या उपयोगाचं आहे : डीव्हीडी किंवा व्हिडिओंचा संच घेताना करारात काय लिहून घेतलंय ते बिलाइतकंच जपून ठेवावं.

मग पेन ड्राइव्ह घेऊन आलेल्या शिक्षकांना काय सांगायचं? शक्य तिथे लिंक द्या. यूट्यूबचा प्लेअर मूडलमध्ये आहे तसा बसवला तर प्रत निघत नाही, मालकाची मोजणी त्याच्याकडेच राहते आणि त्याने व्हिडिओ काढला तर आपल्याकडूनही तो जातो. हा शेवटचा गुण शिक्षकांना दोष वाटतो, आणि त्यांचं चूक नाही. ऐन तासाला 'हा व्हिडिओ उपलब्ध नाही' ही काळी पाटी बघितलेल्या शिक्षकाला लिंकचं कौतुक सांगू नये. म्हणून आम्ही व्हिडिओंची एक वही ठेवतो. खरं तर ती एक्सेलची फाइल आहे, पण नाव वही. त्यात लिंक, कुणी टाकला, टाकणाराच मालक दिसतो का, परवाना कोणता, कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत हवा, शेवटचं कधी तपासलं, आणि बंद पडला तर पर्यायी व्हिडिओ कोणता. सत्र सुरू होण्याआधी आठवडाभर एक सहायक बसून सगळ्या लिंक उघडून बघते. कंटाळवाणं काम आहे, पण पेन ड्राइव्ह त्यानेच कमी झाले.

वहीतला 'टाकणाराच मालक दिसतो का' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. यूट्यूबवर कुणीही आपल्या व्हिडिओला क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावू शकतो, अगदी दुसऱ्याचा माहितीपट चोरून टाकला असला तरी. असा परवाना कागदाच्याही किमतीचा नाही. खरा परवाना असला तरी त्याचे प्रकार बघावे लागतात : 'बाय' म्हणजे श्रेय द्या, 'एनसी' म्हणजे पैसे कमवू नका, 'एनडी' म्हणजे बदल करून पुढे देऊ नका, मग त्यावर मराठी आवाज चढवून वाटणंही आलं नाही. एनपीटीईएल, स्वयम, ई-पीजी पाठशाला आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आधी चाळायचं आणि मगच यूट्यूबच्या शोधखिडकीकडे वळायचं, हा क्रम शिक्षकांच्या अंगवळणी पाडण्याइतकी साधी सेवा दुसरी नाही.

जिथे रेंजच नाही अशा जिल्हा परिषदेच्या शाळेला लिंकचा काय उपयोग, असं कुणी विचारेल. काहीच नाही. तिथे दीक्षा ॲपमधले धडे आधी उतरवून ठेवता येतात; ती सोय अधिकृत आहे. त्यापलीकडचा व्हिडिओ हवाच असेल तर मालकाला विचारावं. मराठीतून गणित-विज्ञान शिकवणारी कितीतरी चॅनेल एकेकटे शिक्षक चालवतात. चॅनेलच्या माहितीत बहुधा मेल असतो. मेलमध्ये चार गोष्टी याव्यात : कोणता व्हिडिओ, कोणत्या वर्गासाठी, किती दिवस ठेवणार, आणि वर्गाबाहेर जाणार नाही याची हमी. उत्तर आलं की त्याची छापील प्रत फायलीला लावायची. फोनवर "हो, वापरा की" म्हणाले असतील, तरी "आपण बोलल्याप्रमाणे" असा एक मेल पाठवून ठेवायचा.

पुढच्या लेखांकात : शिक्षकाने स्वतः चित्रित केलेलं व्याख्यान कुणाचं, शिक्षकाचं की संस्थेचं? कलम १७ आणि नेमणूकपत्रातली बारीक अक्षरं.